पाणी चावतंय!

या रे बाळांनो, असे जवळ सरकून बसा! एका फिशटँकची गोष्ट सांगतो. गोड लागेल असं मात्र कबूल करत नाही.

शिरपामाळच्या वाटेवर एक लॉज. तिथला फिशटँक गौराबाई पुसायची. दिवाळीच्या सुट्टीत तिची भाची ठकी पोशेऱ्याहून आली, तर आत्या दारात डोळे पुसत बसलेली!

"नऊ मासे मेले गं. मॅनेजर म्हणतो, तूच फिनेल सांडलंस. काढलं मला! आता उद्या वीटभट्टीचा ट्रक येतोय, त्यात बसायचं. महिनाभर सांगत होते, पाणी चावतंय!"

"पाणी चावतं? दात किती त्याला?" शेजारचा हरेश खिदळला.

"हस तू!" ठकी कडाडली. "आत्या खोटं बोलत नाही!"

संध्याकाळी ठकी, हरेश आणि त्याची बहीण प्रगती लॉजवर गेली. टँकवरच्या गणपतीच्या तसबिरीला मॅनेजर विनोदशेठ उदबत्ती ओवाळत होता. प्रगतीनं ठकीला चिमटा काढला. "अगं, पाय बघ!"

पायांत रबरी चपला! देवापुढे!

खाली फरशी ओली होती. आत्या अनवाणी पुसायची.

"करंट! रबरातून तो जात नाही!" हरेश पुटपुटला. आता तो हसत नव्हता.

मुलांनी निरोप धाडला, तसा सकाळी वायरिंगचं काम करणारा नितीनदादा जामसरहून आला. मासे मेल्याचं ऐकून लॉजचे मालकही आले होते.

"कसला करंट!" विनोदशेठनं टँकमध्ये हात बुडवला. "झालं काही?"

"शेठ, आता चपला काढून बुडवा!" ठकी म्हणाली.

त्यानं हात झटकन बाहेर काढला. चपला काही निघाल्या नाहीत.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!" ठकी ओरडली.

नितीनदादानं टेस्टर पाण्याला लावला. लाल दिवा पेटला! त्यानं बटण बंद करून पाणी कोमट ठेवणारा हीटर बाहेर काढला. काच तडकलेली, आतली तार हिरवी पडलेली.

"मासे विजेनं गेले?" प्रगतीनं विचारलं.

"तसं वाटत नाही. तारेवर पाखरं बसतातच ना? विजेला जमिनीत जायला वाट लागते. हे तांबं पाण्यात उतरलं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं, तसं पाणी कळकलं. त्यानं गेले."

"मग विजेची वाट कुठली?"

नितीनदादानं मान खाली घातली. "तुझ्या आत्याचे उघडे पाय."

"शाब्बास रे वाघांनो!" मालक गहिवरले. विनोदशेठला त्यांनी फैलावर घेतलं. "गौराबाईला आजच कामावर घ्या!"

ठकी दाराकडे धावली.

"थांब गं! आधी फोटो! पेढे येऊ देत!" मालक म्हणाले.

फोटो झाले. पेढे आले. ठकी धापा टाकत नाक्यावर पोचली, तेव्हा ट्रक आत्याला घेऊन घाट उतरून गेला होता. मुठीतला पेढा चुरून गेला होता.

बाळांनो, आज देवापुढे हात जोडाल ना, तेव्हा त्या गौराबाईची आठवण काढा. ती खरं बोलत होती.