दोन नंबरच्या दालनातली हजेरी

नेरेदा कोत्तो लोरेन शहरातल्या शाळांमधून मुलांचे कान तपासायची. मुलं हेडफोन लावून बसत, ती बटण दाबायची, आणि आवाज कुठल्या बाजूनं आला ते मुलं बोटानं दाखवत. बावीस वर्षं हेच काम केल्यामुळे निदान आवाजाच्या बाबतीत आपले कान फसणार नाहीत, याची तिला खात्री होती.

फेब्रुवारीत तिला कोर्टाचं समन्स आलं. नवऱ्याच्या आजारपणात तिनं दोन क्रेडिट कार्डं वापरली होती. तो गेला आणि हप्ते थांबले. बँकेनं ती थकबाकी कुणाला तरी विकली, त्यानं आणखी कुणाला, आणि आता हॅलोवे रिकव्हरी नावाच्या कंपनीनं दावा ठोकला होता. उत्तर द्यायला अठ्ठावीस दिवस होते.

"ताई, कशाला जातेस?" धाकटी बहीण मिग्दालिया तुरीचा भात वाढता वाढता म्हणाली. "तिथं कुणी फिरकत नाही. माझ्यावर दावा झाला तेव्हा मी गेले होते का?"

"आणि मग?"

"मग काय. दोन वर्षं पगारातून कापतायत."

"म्हणूनच जाते," नेरेदा म्हणाली.

वाचनालयात बसून तिनं लेखी उत्तर तयार केलं. दावा अमान्य. मूळ करारनामा दाखवा. थकबाकी विकत घेतल्याचे कागद दाखवा. शेवटचा हप्ता भरून सात वर्षं झाली, मुदत उलटली आहे. सही करून ती कोर्टात गेली. तिथं खिडकीतल्या बाईनं प्रतीवर शिक्का मारला आणि नेरेदाला कित्येक महिन्यांनी कडकडून भूक लागली.

सुनावणी मार्चमधल्या एका मंगळवारी होती, सकाळी दहाला. दोन नंबरच्या दालनाबाहेर यादी लावलेली होती. अकरा नावं, अकरा पत्ते, आणि सगळे दावे हॅलोवेचेच. तिचं नाव सर्वांत शेवटी होतं.

आत लाकडी बाकांच्या सहा रांगा होत्या. बाकांवर ती एकटीच होती. पुढं कंपनीचा तरुण वकील फायलींचा गठ्ठा घेऊन बसला होता. वर म्हातारे मॅजिस्ट्रेट, कागदात डोकं घातलेले. हीटर घरघरत होता. कुणी हजर नसलं की एकतर्फी निकाल, मिनिटाला एक. वकिलानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"वेंडेल प्राउट," मॅजिस्ट्रेटांनी पुकारलं.

"हजर आहे, साहेब."

पुरुषी, जाड आवाज. डाव्या हाताला, तिच्या मागच्या रांगेतून. नेरेदानं वळून पाहिलं. बाक रिकामा होता.

मॅजिस्ट्रेटांनी मान वर केली नाही. "हजर," असं पुटपुटत त्यांनी लिहून घेतलं. "वकीलसाहेब, करारनामा?"

"साहेब, तिथं कुणी..."

"ओ दिली ना त्यांनी? करारनामा दाखवा."

वकिलानं फाईल चाळली. फाईलमध्ये फक्त एक छापील तक्ता होता. दावा फेटाळला गेला.

"इलोना साबो."

"इथंच आहे मी." एका म्हातारीचा आवाज. नेरेदाच्या उजव्या खांद्याशी, हातभर अंतरावर. ओल्या लोकरीचा वास आला. बाकाची फळी किंचित दबली.

नेरेदानं डोळे मिटले आणि फक्त ऐकलं. चौथ्या रांगेत एक बाई. दाराशी कुणी खोकणारा. खिडकीपाशी एक पोरसवदा, घाबरलेला. दहा आवाज, दहा जागा. एकही चूक नाही.

दहा दावे फेटाळले गेले.

वकिलाच्या कपाळावर घाम होता.

"नेरेदा कोत्तो."

ती उभी राहिली. "हजर," ती म्हणाली.

तिच्याही फाईलमध्ये करारनामा नव्हता. मॅजिस्ट्रेटांनी तिचं उत्तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. "व्यवस्थित लिहिलंय," ते म्हणाले, आणि अकरावा दावाही गेला.

पायऱ्यांवर थांबून तिनं मिग्दालियाला फोन केला. दोघी एकदम हसल्या, मग एकदम रडल्या.

घरी जाताना वेंडेल प्राउटचा पत्ता तिच्याच रस्त्यावर लागत होता. माणूस आहे तरी का, एवढंच बघू, असं तिनं स्वतःला सांगितलं. फाटकाशी गाडी उभी केली, काच अर्धी खाली तशीच ठेवली आणि घंटी वाजवली.

साठीच्या, धिप्पाड माणसानं दार उघडलं. समन्सचं पाकीट त्याच्या मागच्या टेबलावर न फोडलेलं पडलं होतं. त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं, मान हलवली आणि पाटीवर लिहिलं: सकाळी दहापासून आवाज बसलाय. एकदम गेला.

"तुमच्यावरचा दावा फेटाळला," नेरेदा म्हणाली. "आता कुणी काही मागणार नाही. मी तिथं होते."

त्यानं दाराची चौकट धरली. डोळे भरून आले. मग त्याचे ओठ हलले.

"देव तुमचं भलं करो, बाई."

शब्द स्पष्ट होते. ते तिच्या पाठीमागून आले, गाडीच्या मागच्या सीटवरून.

प्राउटनं दचकून गळ्याला हात लावला. खाकरला. "अरे," तो म्हणाला, आणि या वेळी आवाज त्याच्याच तोंडातून आला. तो हसायला लागला.

नेरेदा मात्र वळली नाही. अर्ध्या उघड्या काचेतून कोर्टातली तीच म्हातारी अदबीनं विचारत होती, "आता माझ्या घरी ना, बाळ?"