जोमसोमचा वारा

नेपाळमधल्या जोमसोमच्या विमानतळावर आधी सामान वजनकाट्यावर चढतं, मग माणूस. त्या सकाळी पावणेसातला धुळीने माखलेला एक तरुण मंजिला भट्टचनच्या काउंटरपाशी आला आणि कोणी न सांगताच काट्यावर उभा राहिला.

"तिकीट?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाहीये." मग जरा थांबून... "वारा किती?"

मंजिलाचं पेन थांबलं. हे दोन शब्द ती वर्षभर रोज सकाळी फोनवर ऐकत होती. हा आवाज पोखऱ्याच्या काउंटरवरच्या तिलक पुनचा! तो विचारायचा, ती सांगायची, मग तिकडून विमान सुटायचं. सगळी विमानं अकराच्या आत. नंतर काली गंडकीच्या खोऱ्यात असा वारा उठतो की विमानाचं नाव काढायचं नाही.

"तुम्ही... इथे? कसे?"

"जीपने. काल संध्याकाळी निघालो. दरड, मग टायर, मग पुन्हा दरड. चौदा तास."

"आणि सगळ्यांना सांगता, 'घाबरू नका दिदी, वीसच तर मिनिटं!'"

"सांगतो. पण बसत नाही." तो काट्याकडे बघत पुटपुटला, "मला भीती वाटते."

ती खळखळून हसली. हसू ओसरलं तसं तिला घड्याळ दिसलं. आजच्या पहिल्या विमानाने तिला बघायला पोखऱ्याचे पाहुणे येणार होते. परवा फोनवर तिनेच हे तिलकला सांगितलं होतं. "बरं," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला होता.

इतक्यात फोन वाजला. पोखऱ्याहून दुसराच आवाज. "मंजिला, वारा किती?"

तिलक तिच्याकडे बघत राहिला. 'जास्त' एवढा एकच शब्द, आणि आज पाहुणे आले नसते. तिने खिडकीबाहेर पाहिलं. धावपट्टीच्या टोकाची वारा दाखवणारी कापडी नळी मरगळून लोंबत होती.

"वारा नाही. सोडा विमान."

तिलकचा चेहरा उतरला.

"खोटं मी सांगत नाही," ती फोन ठेवत म्हणाली. "तुम्हालाही कधी सांगितलं नाही. आता वीस मिनिटं आहेत. बोला, काय बोलायला आलात?"

तो बोलला. दरडीबद्दल बोलला. टायरबद्दल बोलला. वाटेतल्या पाणचट चहाबद्दलही बोलला.

"आठ मिनिटं उरली, तिलकजी."

तो काट्यावरून खाली उतरला. "सकाळी तुमचा आवाज ऐकला की... पुढचा दिवस बरा जातो. त्या पाहुण्यांना हो म्हणू नका. मला म्हणा."

खोऱ्यातून विमानाची घरघर ऐकू येऊ लागली.

"वर्षभर नुसता वारा विचारलात," मंजिला हळूच म्हणाली. "म्हणून परवा मुद्दाम पाहुण्यांचं सांगितलं. म्हटलं, आता तरी दुसरं काही विचारतील!"

"म्हणजे... हो?"

"आधी पाहुण्यांना चहा देते, मग 'नाही' सांगते. हे स्थळ आणणारी मावशी आरडाओरडा करील, ते मी बघते. शनिवारी तुमच्या आईंना घेऊन या."

"शुक्रवारीच जीप पकडतो!"

"जीप नाही. वारा मी सांगणार, विमानात तुम्ही बसणार."

बाहेर विमानाची चाकं धावपट्टीला टेकली. मंजिला ओढणी सारखी करत दाराकडे निघाली आणि वळून हुबेहूब त्याच्याच सुरात म्हणाली,

"घाबरू नका. वीसच तर मिनिटं!"