खाली, मधोमध

"ताई, फोन म्हातारा आहे आणि वापरणारीही. नवीन सिस्टीम टाकून देतो, पण बटणं जागा सोडतील. चार दिवस शेजारी बसून शिकवा, मगच एकटीच्या हातात द्या."

दुरुस्तीवाल्याने इतकं स्पष्ट सांगितलं होतं.

आणि ताई काय म्हणाली? "तुम्ही तुमचं काम करा हो. आमची आई काय कुक्कुलं बाळ आहे?"

ताई म्हणजे माझी मावसबहीण. हे सगळं तिच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि शेवटचं तर माझ्या स्वतःच्या कानांनी. घरात दोन वर्षांची मुलगी असताना असलं काही रचून लिहायची हौस मला नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

मावशी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. शिवणकाम करायची. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा नावाला. सुईत दोरा बोटांच्या अंदाजाने ओवायची आणि फोनही तसाच लावायची. खाली मधोमध अंगठा दाबला की फोनचं पान उघडायचं. तिथेच पुन्हा दाबलं की ताईला लागायचा.

सहा वर्षं तिने दुसरं बटण दाबलं नव्हतं.

पण ताईला आईचा चेहरा बघत बोलायचं होतं आणि त्या जुन्या फोनवर व्हिडिओ कॉल चालेना. म्हणून नवीन सिस्टीम.

मंगळवारी ताईने फोन आणून दिला. पाच मिनिटं शिकवलं. मावशीचा अंगठा पुन्हापुन्हा खालीच जाई.

"तिथे आता कॅमेरा आहे गं आई! फोन वर, कोपऱ्यात. कितीदा सांगू?"

"मला होता तसा करून दे."

"तसा आता होत नाही."

"मग कशाला हात लावलास?"

"तुझ्यासाठीच केलं ना? जरा शिकायचं म्हणून काही नाही. बस मग रुसून!"

ताई दार आपटून निघून आली.

बुधवारी दिवसभर मावशीचा फोन आला नाही. ताईला वाटलं, रुसली आहे. तीही हट्टाला पेटली. आपण का करायचा?

गुरुवारी सकाळी शेजारणीने कळवलं...

मावशी शिलाई मशीनच्या बाजूला पडली होती. खुब्याचं हाड मोडलेलं. फोन हातात. डॉक्टर म्हणाले, बुधवारी दुपारी पडल्या असाव्यात, रात्री केव्हातरी गेल्या.

तेराव्या दिवशी ताईने फोन उघडला.

आत एक्केचाळीस फोटो होते.

सगळे छताचे. पंखा, आणि त्याच्या पात्याला अडकलेला लाल धागा. पहिला फोटो बुधवारी दुपारी तीन चाळीसचा.

खाली, मधोमध. खाली, मधोमध. एक्केचाळीस वेळा ती लेकीला हाक मारत होती... आणि फोन फोटो काढत होता.

ताईने फोन बंद केला. सिम काढलं. कपाटात साड्यांखाली ठेवून किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कपडे घड्या करत होती.

खच्...

ती थांबली.

खच्... खच्...

कपाटातून. कॅमेऱ्याचा आवाज.

घड्याळात तीन चाळीस झाले होते.

तिने कपाट उघडलं. फोन चालू होता. गरम. नवे सत्तर फोटो. साड्यांखाली अंधारच यायला हवा ना? पण फोटोंत पंखा होता. लाल धागाही.

मावशीची भाड्याची खोली तर आठवड्याभरातच रिकामी करून, रंगवून मालकाला परत दिली होती. पंखा भंगारात गेला होता.

ताईने भावाला बोलावलं. तो म्हणाला, "बिघडलाय. विकून टाक तो डबा."

"तू बोलूच नकोस! महिनोन् महिने आईला फोन केला नाहीस तू!"

"मी नाही केला. पण तू तर तिचा फोनच बंद पाडलास."

ताईने फोन पुन्हा साड्यांखाली ठेवून किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी एकशे बारा. मग मोजणं सोडलं. आवाज आता थांबत थांबत येत नव्हता. खच्खच्खच्खच्... कुणीतरी दातओठ खाऊन दाबावं तसा. फोनच्या काचेला तडा गेला.

खाली. मधोमध.

त्या शुक्रवारी मी मुलीला घेऊन ताईकडे गेले होते. तीन चाळीसला सुरू झालं. माझी मुलगी कपाटाकडे बघून रडायला लागली आणि ताईचा बांधच फुटला. तिने फोन बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि ओरडली, "तिथे नाही आई! वर! कोपऱ्यात, हिरवं! मी तेव्हा बसायला हवं होतं गं तुझ्याजवळ... बघ, इथे. अंगठा इथे आण."

आवाज बंद झाला.

हिरव्या चौकोनावर काच हळूच धुरकटली. ओल्या अंगठ्याने धुरकटावी तशी. आम्ही दोघींनी पाहिलं.

मग ताईचा स्वतःचा फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं... आई.

ताईने स्पीकर लावला. आधी पंख्याची घरघर. पात्यावर काहीतरी घासत होतं... सर्र... सर्र...

आणि मग मावशी. माझ्या ओळखीचा आवाज. रडवेला नाही, मायेचा नाही. संतापलेला.

"किती वेळ लावलास."

फोन कट.

त्या दिवसापासून फोटो थांबले. फोन मात्र रोज येतो. ताई हातातलं टाकून पहिल्याच घंटीला उचलते. पलीकडून कुणी बोलत नाही. फक्त पंखा.

गेल्या रविवारी माझ्या भावाने माझ्या आईच्या जुन्या फोनवर नवीन सिस्टीम टाकली. आई म्हणते, मला सगळं येतं. मी उद्या तिच्याकडे जाते आहे. चांगली आठ दिवस राहणार आहे.

तुमच्या घरातही असेल कुणीतरी. आई, सासूबाई, एकटे राहणारे काका. कृपा करून शेजारी बसा. फोन त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, मला लावून दाखवा.

काही सांगू नका.

फक्त अंगठा कुठे जातो, ते बघा.