धाकटी गौर

"वरून चांदी, आत पितळ!" शंकररावांचा आवाज छत्रीबागेच्या टोकाला पोचला असेल. "उद्या गौरी यायच्या, अन् आमची धाकटी कुणी बदलली?"

शेजारच्या यशोधराबाई, शाळेतल्या जुन्या मास्तरीण, पदर खोचून आल्या. ओसरीत गौरींचे दोन मुखवटे ठेवले होते. धाकटीच्या कानाची कडी तुटली म्हणून शंकरराव तिला सराफ्यात घेऊन गेले, तिथे सोनारापुढे बिंग फुटलं. होळकरांचं राज्य जाऊन मध्यभारत सरकार आलं, तरी शंकररावांचा हुकूम तस्साच! फौजदार श्रीपाद हजर होता आणि भिंतीशी मोलकरीण सखुबाई रडत उभी होती.

"सगळे देपालपुरला लग्नाला गेले, तेव्हा घरात कोण होतं?" श्रीपादनं सखूला विचारलं.

"मीच, झाडायला. पण गौरींच्या पेटीला हात नाही लावला साहेब, लेकीची शपथ!"

"पेटीची चाबी?"

"खुंटीवर असते," शंकरराव म्हणाले. "हिला माहीत आहे."

सखू घरात एकटी होती हे आत्ताच गल्लीत श्रीपादला यशोधराबाईंनीच सांगितलं होतं, तेही चवीनं. मेलं जिभेला हाड नाही! गरीब दिसली की चोर, एवढंच आपलं शिक्षण?

त्या मुखवट्यांपाशी बसल्या. थोरलीच्या नाकाच्या खाचेत पांढरी भुकटी अडकली होती. धाकटी गुळगुळीत, स्वच्छ.

"अंबिकाबाई, हे कुणी घासले?"

"मीच, सकाळी, सोवळ्यात," शंकररावांची बायको हळूच म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही मी." इतकी सोज्ज्वळ बाई की गल्लीतल्या सुना तिच्याच पाया पडत.

"चल बाई, पोलीस थान्यात चल," श्रीपादनं सखूचा दंड धरला.

"थांब रे! ही थोरली बघ. नाकाशी रांगोळी आहे. चांदी आपण रांगोळीनंच घासतो. आता धाकटी बघ, कणसुद्धा नाही. एकाच हातानं दोघी घासल्या, मग धाकटीला रांगोळी का नाही?"

"का?"

"घासली असती तर मुलामा निघाला असता. आत पितळ आहे, हे त्या हाताला सोनाराच्या आधीच ठाऊक होतं."

अंबिकाबाई पुढे येऊन धाकटीपाशी बसल्या.

"उषाला दिली मी," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "तिनं परजातीत लग्न केलं अन् तुम्ही पोटच्या पोरीला दार बंद केलं. गौर म्हणजे माहेरी आलेली लेक. माझी येत नाही, तर गौर तरी तिच्याकडे जाऊ दे म्हटलं. ही नकली देवासहून करवून आणली."

"आणि सखू?" यशोधराबाईंनी विचारलं.

"ह्यांच्या भीतीनं तोंडच उघडलं नाही. पापीण आहे मी." त्या सखूच्या पायाशी वाकल्या.

सखू मागे सरली. "पाया नका पडू, बाईसाहेब. इथे चार भिंतींत माफी मागून काय होतंय? बाहेर सगळी गल्ली जमलीय. माझ्या लेकीला उद्या ह्याच गल्लीतून जायचंय."

"अंबिका, बाहेर नको," शंकरराव पहिल्यांदाच हळू बोलले. "घराची अब्रू जाईल."

"तिची गेली ती?" म्हणत अंबिकाबाई उठल्या. मागोमाग मान खाली घालून यशोधराबाई निघाल्या. त्यांनाही आपल्या जिभेचं सांगायचंच होतं.

अंबिकाबाईंनी दार सताड उघडलं. समोर ओळखीचे पन्नास चेहरे होते.

"सखू चोर नाही," त्या म्हणाल्या. "चोर मी आहे."