वर बघायचं नाही

ती पहिल्यांदा भेटली तीच मुळी वरून. त्याने गलबतावर पाऊल ठेवलं आणि सुतळीचं रीळ धपकन त्याच्या पायाशी पडलं. डोलकाठीवरून आवाज आला, "बाजूला व्हा ना... की पुढचं डोक्यातच हवंय?"

त्याने मान वर केली, ती पुढे कित्येक महिने खाली आलीच नाही म्हणा ना. पूर्वी शास्त्रज्ञ ज्या गलबतातून समुद्राची खोली मोजत आणि तारे टिपत फिरले, हुबेहूब तसंच गलबत पुन्हा बांधलं जात होतं. शाळेतल्या मुलांना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून. हा तारे टिपायची जुनी उपकरणं नव्याने घडवायला आलेला. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. ती शिडं आणि दोर बांधायची. ती वर चढली की तिच्या कमरेचा दोर खाली तिचा दादा धरायचा.

"मास्तर, तुम्ही तर तारेवाले ना? मग दिवसाढवळ्या वर काय बघता?" ती वरून विचारायची.

"सराव करतोय," तो म्हणायचा, आणि त्याचे कान लाल व्हायचे.

आज मात्र कुणालाच थट्टा सुचत नव्हती. उद्या मुलांची पहिली सफर, आणि आज चाचणीतच शीड अर्ध्यावर अडकलं. डोलकाठीच्या टोकाची, शिडाचा दोर फिरवणारी कप्पी जाम झाली होती; वर चढूनच ती सोडवावी लागणार होती. वारा चढत होता, डोलकाठी करकरत होती. डोलकाठी मोडली की सगळी मेहनत पाण्यात. दादाचा हात कालच दुखावलेला, बाकीचे खालून शिडाचे दोर ओढून धरण्यात गुंतलेले.

"माझा दोर मास्तर धरतील," ती म्हणाली.

दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "दोर धरणाऱ्याने वर बघायचं नाही. नजर वर गेली की हात ढिला पडतो. आणि तुमची नजर, मास्तर... मला काय दिसत नाही होय?"

"नाही बघणार," तो म्हणाला.

ती चढली. त्याने दोराचा वेढा खुंटीला दिला आणि डोळे खुंटीवर रोवले. "सोडा... अजून... थांबा," ती वरून सांगत होती. मग आवाजच बंद झाला. नुसता वारा.

तेवढ्यात गलबत एका अंगावर कललं. कुणीतरी ओरडलं आणि दोराला असा हिसका बसला, की त्याचे तळहात सोलून निघाले. पाय निसटला तिचा! जीव नुसता कासावीस झाला. एकदाच बघावं... एकदाच. त्याने दात आवळले. खुंटीवरची नजर हलली नाही.

"आहात ना?" त्याचा आवाज फाटला.

मग कप्पी कुरकुरली, शीड सळसळत खाली आलं आणि माणसांनी सुस्कारा सोडला.

"आहे," वरून आवाज आला. "उतरवा आता... हळू."

तिची पावलं फळ्यांवर टेकली, तरी तो खुंटीकडेच बघत होता. त्याची बोटं उघडेनात. तिने एकेक करून ती सोडवली. सोललेले तळहात पाहिले आणि आपल्या हातांत धरले.

"मी वर बघितलं नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "लटकले होते ना, तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते." तिने त्याचे हात सोडले नाहीत. "आवडतोस तू मला. बघ की आता."

त्याने मान वर केली.