शेवटचा थर

"काय खाल्लं यांनी?"

मोडलेली कवळी दोन बोटांत धरून त्याने विचारलं.

"युद्धनौका," मी म्हणाले.

त्याने मान वर केली. डोळ्यांवर भिंगाचा चष्मा होता, त्यामुळे डोळे फार मोठे आणि विनाकारण गंभीर दिसत होते.

"अख्खी?"

"नाही... कठड्याची तार फक्त. बाबा जहाजाचं मॉडेल करतायत. कात्री शोधायचा कंटाळा, म्हणून दातांनी तोडतात."

तो हसला. दातांच्या दवाखान्यामागे कवळ्या बनवायच्या त्या अरुंद खोलीत त्याच्या पाठीशी प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले होते. क्षणभर वाटलं, तेही हसतायत.

"उद्या संध्याकाळी न्या. तोवर त्यांना मऊ जहाजं द्या."

घरी आले तर जेवणाच्या टेबलावर नेहमीसारखी युद्धनौकाच जेवत होती. आई गेल्यापासून त्या टेबलावर बाबांचंच राज्य. हातभर लांबीचं राखाडी जहाज, नखाएवढ्या तोफा, डेकवर तांदळाच्या दाण्याएवढे खलाशी. खाली लाकडी पेटी, आणि पेटीत दोन खिळ्यांवर अधांतरी उभं जहाज. समुद्र अजून भरायचा होता.

"कवळीवाला बरा आहे का गं?" बाबांनी बोळक्या तोंडाने विचारलं.

"बाबा!"

"अगं, हाताने बरा आहे का, एवढंच विचारतोय. तू कशाला लाल होतेस?"

मी स्वयंपाकघरात निघून गेले. मागून त्यांचं हसू ऐकू येत राहिलं. आमचा शेवटचा साधा दिवस असा गेला. सकाळी चहा घेऊन गेले तेव्हा बाबा उठले नाहीत.

कवळी आणायला कोण जाणार? आठवड्याभराने तो स्वतःच आला. दार आत्याने उघडलं. बाबांची मोठी बहीण ती, मला सोबत म्हणून राहिलेली. आडपडदा तिला माहीतच नाही.

"अहो, ज्यांची कवळी ते गेले. आता ती कुणाला बसवू?"

हातातली छोटी डबी त्याने पाठीमागे नेली, जणू चोरी पकडली गेली होती. मग त्याची नजर टेबलावर गेली. बराच वेळ तो जहाज बघत राहिला. एका जागी कठड्याची तार अर्धवट लोंबत होती.

"हीच का ती?"

मी मान हलवली.

"समुद्र मी भरून देऊ?" तो हलकेच म्हणाला. "मला ओतकामाची सवय आहे. म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

समुद्रासाठीचं रेझिन, म्हणजे सुकल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रसायन, एकदम ओतता येत नाही. जाड ओतलं की तापतं, तापलं की तडकतं. पातळ थर द्यायचा, तो पूर्ण घट्ट होऊ द्यायचा, मग त्यावर पुढचा. हे सगळं त्याने मला पहिल्या रविवारी सांगितलं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी तो आला. हातमोजे घालायचा, बाटलीतलं निळसर रेझिन कागदी पेल्यात सावकाश ढवळायचा. खिडक्या उघड्या ठेवल्या तरी घरात तो उग्र वास भरून राहायचा. मग टाचणी घेऊन आम्ही दोघं पेटीवर वाकायचो आणि वर येणारे बुडबुडे फोडायचो.

"श्वास धरा. धूळ उडते."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"आणि विसरलात तर?"

"तर गुदमराल. पण समुद्र सुंदर होईल."

त्याच्या कपाळावरचा केस माझ्या कपाळाला लागला. दोघंही हललो नाही. बुडबुडा तसाच राहिला... तो अजूनही आहे, जहाजाच्या मागच्या टोकापाशी, थरांच्या आत.

शनिवारपासूनच मी कोणता कुर्ता घालायचा ते ठरवू लागले होते. बाबांची खोली अजून आवरली नव्हती, त्यांची चप्पल दाराशीच होती, आणि मी आरशासमोर उभी! स्वतःची लाज वाटायची. तरी केस पुन्हा विंचरायचेच.

"रंग जरा फिकट वाटतोय," मी एकदा म्हणाले.

"अजून एक थर?"

"चालेल ना?"

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग तळ दिसतोय म्हणून. मग आणखी काहीतरी म्हणून.

"समुद्र भरताय की विहीर खणताय?" आत्या सोफ्यावरून म्हणाली. "मी आपली विचारते. माझं काय, बसलेय."

शेवटी त्याने जहाजाच्या पोटावरच्या लाल पट्ट्यावर बोट ठेवलं. पट्टा जवळजवळ झाकला गेला होता.

"आता आणखी ओतलं, तर जहाज बुडेल."

त्या रविवारी त्याने लाटा उठवल्या. ब्रशने पारदर्शक लेप ओढत, पुढच्या टोकाशी पाणी दुभंगवत, कापसाच्या तंतूंनी फेस लावत. बाहेर आभाळ भरून आलं होतं, खोलीत दिवा लावावा लागला. आत्या आत आडवी झाली होती. मी शेजारी उभी राहून त्याचा हात बघत होते आणि मनात म्हणत होते, हळू... आणखी हळू.

"झालं," तो म्हणाला.

समुद्र हलत होता. बाबांचं जहाज खरंच कुठेतरी निघालं होतं.

त्याने ब्रश पुसले, डबे बंद केले, हातमोजे काढले. पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी थांबला.

"एक बोलू? तुम्हाला हे संपवायचं नव्हतं, मला कळत होतं. बाबांचं शेवटचं काम... जीव अडकणारच. म्हणून मीही थर पातळच देत गेलो."

किती सोपं होतं! मान हलवायची, डोळे पुसायचे, आणि तो समजूतदारपणे जिना उतरला असता. बाबांच्या आड लपता आलं असतं मला. कुणालाच कळलं नसतं.

त्याने दाराची कडी काढली.

"बाबांसाठी नाही," मी म्हणाले.

तो वळला.

"म्हणजे बाबांची आठवण येतेच. रोज येते, रडू येतं... पण ते थर... रंग फिकट नव्हता. तळही दिसत नव्हता. तुम्ही पुन्हा यावं म्हणून मी..." आतल्या खोलीतून पलंग करकरला. आत्या जागी होती. असू दे.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. मोठ्याने.