तिसऱ्या नकोपर्यंत

चार जानेवारीला, रविवारी दुपारी सव्वा वाजता, बीडहून केजकडे निघालेली आमची एसटी मांजरसुंब्याच्या चौकात पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नव्हती. बाहेर अवकाळी भुरभुर होती, काच ओली करण्यापुरतीच. कंडक्टर म्हणाला, "तासभर तरी लागंल. ज्याला खायचं त्यानं खाऊन घ्या."

चौकात ढाबे सात होते. आठवी इमारत पांढरी, निळ्या खिडक्यांची, आणि वर पाटी: 'ला मांजरा – फ्रेंच बिस्त्रो'. ही फ्रेंच धर्तीची छोटी खाणावळ माझ्या मामांची. मोहनरावमामांचा मुलगा अमरसिंह दहा दिवस पॅरिसला जाऊन आला तो ही कल्पना घेऊनच. दोन महिन्यांत त्याला पुण्यात गाड्यांच्या शोरूमची कल्पना सुचली, आणि बिस्त्रो मामांच्या गळ्यात राहिलं. मी तिथे कधी गेले नव्हते. त्या दिवशी मामाही तिथे नव्हते, म्हणून मी कुणाची भाची वगैरे न होता, साधं गिऱ्हाईक होऊन चार नंबरच्या टेबलावर बसले.

कांद्याचं सूप आलं. वर पावाचा भाजलेला तुकडा, त्यावर शेळीच्या दुधाचं चीज. कांदा तासभर तरी मंद आचेवर परतलेला असावा, कारण साखर न घालता इतका तांबूस रंग आणि इतकी गोडी घाईत येत नाही. मी केजच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते, त्यामुळे असल्या गोष्टी मला खाताना दिसतात.

वाटी संपली. स्वयंपाकघरातून पांढऱ्या कोटातला एक उंच, सावळा माणूस आला. माझ्या बोटांवरच्या सिल्व्हर नायट्रेटच्या काळ्या डागांकडे त्याने क्षणभर पाहिलं.

"आणखी देऊ?" त्याने विचारलं.

"नको," मी म्हणाले.

त्याने किंचित मान झुकवली... आणि वाटी उचलून नेली.

मी रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मला आणखी हवं होतं. पण आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही.

निघताना मंगलताईंनी – वाढायला त्या एकट्याच होत्या – एक कार्ड हातात दिलं. त्यावर टेबलाचा नंबर, तारीख, अभिप्रायासाठी दोन ओळी आणि एक प्रश्न: पुन्हा याल का? मी 'नाही'वर खूण केली.

*

दुसऱ्याच आठवड्यात मामा नांदूरघाटला आमच्या घरी आले. त्यांच्या हातात कार्डांची पिशवी होती.

"तू शिकलेली हायस. ह्याचं काय ते विज्ञान कर," ते म्हणाले. "निम्म्याच्या वर लोक परत येणार असतील तर ठेवतो. न्हाईतर पाडव्याला मटण-भाकरीचा ढाबा. त्याला शेफ लागत न्हाई."

"मग शेफ कुठे जाणार?"

"आला तिकडं. पाँडिचेरीला."

पिशवीत साठ कार्डं होती. 'हो' एकोणीस. अभिप्राय मी वहीत उतरवून घेतले. सोलापूरच्या एका डॉक्टर जोडप्याने लिहिलं होतं की असं चीज त्यांना पुण्यातही मिळालं नाही. नेकनूरच्या एकाने लिहिलं होतं, 'वांगी-दोडक्याची भाजी झाली, फक्त तेल कमी आणि नाव लांब.' दुसऱ्या एकाचं म्हणणं, 'ताट मोठं, जेवण मधोमध. शोधावं लागलं.' आणि आप्पाराव नावाच्या गृहस्थांनी ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'पोरगं नम्र हाय. पण उपाशी उठलो.'

'पोट भरलं नाही' असं एकतीस जणांनी लिहिलं होतं. म्हणून पुढच्या रविवारी मी तपासायला गेले. मंगलताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "उपाशी कसे? पावाच्या टोपल्या तशाच परत येत्यात की."

म्हणजे प्रश्न अन्नाचा नव्हता.

पांढऱ्या कोटातला माणूस समोर येऊन उभा राहिला. त्याचं नाव गहिनीनाथ. चौसाळ्याकडच्या एका धनगर घरातला. पाँडिचेरीतल्या फ्रेंच हॉटेलात पाच वर्षं काम करून तो मागच्या दिवाळीत परत आला होता. चीज त्याच्या आईच्या शेळ्यांच्या दुधाचं होतं.

"टेबल चार," तो म्हणाला. "चार जानेवारी. 'नाही'."

मी जरा ओशाळले. "तुम्ही कार्डं वाचता?"

"सगळी. तुमचं कार्ड वाचून आठवडाभर सूप बदलून बघितलं. आधी मिरी कमी केली, मग वाढवली. शेवटी कांदाच बदलला." तो थांबला. "कावून नाही म्हणालात?"

"सूप उत्तम होतं."

"मग?"

"मला आणखी हवं होतं."

तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी मराठी आणि फ्रेंच सोडून तिसरीच भाषा बोलत होते. "मी विचारलं होतं. तुमी नको म्हणालात."

"तुम्ही चौसाळ्याचेच ना?" मी म्हणाले. "इथे पहिलं 'नको' म्हणजे नुसता नमस्कार असतो."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्यात जरा विचार असतो."

"मग खरं नको कोणतं?"

"तिसरं. ताटावर आडवा हात धरून म्हटलेलं."

तो हसला नाही, पण त्याच्या डाव्या भुवईची जागा बदलली. "तिकडं पहिल्याच दिवशी शिकवलं... पाहुण्याला एकदाच विचारायचं. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. पुन्हा विचारणं म्हणजे अपमान."

"इथे न विचारणं म्हणजे."

"हे तुमचं मत झालं, मॅडम."

"तीन रविवार द्या," मी म्हणाले. "मोजून दाखवते."

*

प्रयोग सोपा होता. विषम नंबरच्या टेबलांवर तीनदा विचारायचं, सम टेबलांवर एकदाच. अन्न तेच, ताटं तीच.

पहिल्याच रविवारी आप्पाराव पुन्हा आले – म्हणे, बायकोला 'ते दुकान' दाखवायला. योगायोगाने सात नंबरवर बसले. गहिनीनाथ भाजीचं पातेलं घेऊन गेला. आप्पाराव म्हणाले, "नको नको, बास." तो परत वळला, मला खांबापाशी उभी पाहिलं, आणि पुन्हा वळला.

"थोडं तरी?"

"अरे नको बाबा."

"आप्पा, एक चमचा. माझ्यासाठी."

आप्पारावांनी ताट पुढे सरकवलं. तीन चमचे घेतले. जाताना लिहिलं, 'भाजी आता सुधारली.' भाजी तीच होती.

तीन रविवारांनी विषम टेबलांवर चौतीस कार्डांपैकी बावीस 'हो' आली. सम टेबलांवर तेहतीसपैकी अकरा. पुण्याच्या एका कुटुंबाने मात्र लिहिलं, 'जेवण सुंदर. कृपया सारखं सारखं विचारू नये.' मी ते कार्डही गहिनीनाथला दाखवलं.

"हे लपवता आलं असतं की," तो म्हणाला.

"मग मोजायचं कशाला?"

त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक संपल्यावर त्याने माझ्यासमोर साठवलेल्या सीताफळाच्या गराचं कस्टर्ड ठेवलं. मी संपवलं.

"अजून?"

"नको."

"हे पहिलं," तो म्हणाला. "अजून?"

"...नको."

"ह्यात जरा विचार दिसतो. अजून?"

मी आडवा हात धरला. फ्रेंच ताट इतकं मोठं होतं की हात कसाबसा निम्म्यावर पोचला. तो उरलेल्या निम्म्याकडे बघत म्हणाला, "मग एवढ्या जागेत वाढू का?"

मंगलताई मोरीपाशी हसल्या. मी वहीत काहीतरी लिहिलं. नंतर पाहिलं तर नुसती तारीख होती.

*

प्रयोगानंतर सगळ्याच टेबलांवर तीनदा विचारणं सुरू झालं, आणि तिन्ही 'नको'चा हिशेब मी मामांनाही सांगितला. फेब्रुवारी संपत आला तेव्हा त्याच्या आईची, ताराबाईंची, गाठ पडली. त्या दुधाची किटली घेऊन मागच्या दारी बसल्या होत्या.

"तुमीच का त्या कार्डवाल्या?" त्यांनी विचारलं. "पास हुतंय का आमचं पोरगं?"

"अजून सांगता येत नाही, मावशी."

त्यांनी किटलीचं झाकण उगीच फिरवलं. "पाच वर्साखाली निघाला तवा म्हणला, आये, जाऊ का? मी म्हणलं, जा. मला वाटलं, अजून एकदा इचारंल... मग म्हणीन, नको जाऊ. तर ह्यो पिशवी उचलून गेला बी." त्या जरा वेळाने म्हणाल्या, "ल्हानपणापून तसाच हाय. एकदाच इचारतो. पाडव्याला गेला तर आता मला इचारणार बी न्हाई."

मी घरी जाताना एसटीत आकडे पुन्हा मांडले. आकडे तेच राहिले. फरक एवढाच की आता मला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं, आणि प्रयोग करणाऱ्याला निकालाकडून काही हवं असणं बरं नसतं.

*

पंधरा मार्च. पाडव्याला चार दिवस. मामा चार नंबरच्या टेबलावर येऊन बसले. सगळी मिळून एकशे अठ्ठ्याऐंशी कार्डं. मी ती घरी तीनदा मोजली होती.

'हो' चौऱ्याण्णव. 'नाही' चौऱ्याण्णव.

"निम्मी," मामा म्हणाले. "निम्म्याच्या वर न्हाईत."

"एक कमी आहे."

स्वयंपाकघराच्या दारात गहिनीनाथ हातात वाटी घेऊन उभा होता. कार्डावर लोकांना त्याने एकदा विचारलं होतं, दोन महिन्यांनी उत्तर आलं होतं. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

'नाही'च्या ढिगातलं वरून अकरावं कार्ड माझं होतं. पेनाची एक रेघ पुरली असती. कुणाला कळलंही नसतं. मी ते कार्ड काढलं, आणि रेघ न मारता मामांसमोर ठेवलं.

"मामा, तुम्हाला लोक काय म्हणतात ते मोजायचं होतं, की येतात का ते?"

मामांनी तीन वेळा जिल्हा परिषदेची निवडणूक लढवली आहे. ते म्हणाले, "तोंडावर हो म्हणणारे मी लई बघितलेत. यणंच मोजायचं. कावून?"

"मग हे कार्ड चुकीचं आहे. ह्या माणसाने 'नाही' लिहिलं, आणि त्यानंतर तो दर रविवारी आला. सलग नऊ वेळा."

"हे बिस्त्रो एवढं आवडलं? कोण हाय त्यो?"

"मी."

मामांनी चष्मा काढला. कार्ड पाहिलं, मला पाहिलं. मग सावकाश मान वळवून दारातल्या माणसाला पाहिलं. दारातला माणूस वाटीकडे बघत होता.

"तू मोजायला येत हुतीस," मामा म्हणाले.

"मोजणी घरी बसूनही झाली असती. कार्डं तुम्ही पिशवीतूनच पाठवत होता."

मामांनी कार्ड 'हो'च्या ढिगावर ठेवलं, अगदी बरोबर कडा जुळवून.

"पंच्याण्णव," ते म्हणाले. "मोजणी तुझी, मी खोटी कशी म्हणू. ढाब्याचं राहू दे." उठताना ते थांबले. "पण तुझ्या आईला तू सांगायचं. आन् तिचं पहिलं नको नमस्काराचं नसंल, एवढं ध्यानात धर."

ते गेले. मंगलताईंना अचानक मागच्या अंगणात काम निघालं.

गहिनीनाथने वाटी माझ्यासमोर ठेवली. कांद्याचं सूप, जानेवारीतलं, न बदललेलं. तो समोरच्या खुर्चीवर बसला – नऊ रविवारांत पहिल्यांदाच.

"मला एक विचारायचं हाय," तो म्हणाला.

"विचारा."

"तुमी... रविवारचं न्हाई म्हणत मी. कार्डाचंही न्हाई." त्याने टेबलक्लॉथची एक न पडलेली सुरकुती सरळ केली. "माझ्यासोबत राहाल का? म्हणजे लग्न करून. शेळ्या हायेत, आई हाय, हे हाय. तुमचं कॉलेज हायच."

माझ्याकडे ह्याचं घरंदाज उत्तर तयार होतं. पहिल्यांदा खाली बघायचं. दुसऱ्यांदा 'बघू' म्हणायचं. पण समोरचा माणूस कसा आहे ते मला माहीत होतं, ताराबाईंची किटली मला आठवत होती, आणि माझे दोन्ही हात टेबलावर, वाटीपासून लांब होते.

"हो," मी म्हणाले.

मग मीच लावलेल्या सवयीने त्याने दुसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं.

मी वाटी जवळ ओढली आणि सूप प्यायला लागले.